ट्रायपॉड दाराबाहेर: वेरूळ-अजिंठ्याचं एक काम

रविवार, पुणे ते वेरूळ

परवानगीचा कागद आधी हातात आला आणि मगच मी बॅग भरायला घेतली. दख्खनमधल्या लेण्यांवर मोठ्या आकाराचं पुस्तक निघतंय, त्यातली वेरूळ आणि अजिंठ्याची प्रकरणं माझ्याकडे आहेत. त्यातलेच काही फोटो प्रदर्शनासाठी चार फुटी छापायचेत. कागदावर मोजक्या ओळी होत्या. बाहेर आणि अंगणात ट्रायपॉड चालेल, चित्रं असलेल्या लेण्यांच्या आत चालणार नाही. फ्लॅश नाही, स्वतःचे दिवे नाहीत. ड्रोनचा तर विषयच नको. हातात कॅमेरा धरून फोटो काढणाऱ्या पर्यटकाला कुणी काही विचारत नाही, पण ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेकले की कागद दाखवावा लागतो.

म्हणजे एकाच कामात दोन वेगळी कामं होती. वेरूळला ट्रायपॉडवर सावकाश करायचं वास्तूचं काम, अजिंठ्याला अंधारात हातावर करायचं भिंतीचं काम. लग्नसराईत आमची बॅग डोळे मिटून भरता येते: दोन कॅमेरा बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिमी लेन्स, दोन फ्लॅश, सेलचा ढीग. त्यातलं निम्मं घरीच राहिलं.

भाचा बरोबर होता. कॉमर्सचं शेवटचं वर्ष उरकून त्याला आता फोटोग्राफर व्हायचंय, त्यामुळे यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू पाठ. चाकणच्या ट्रॅफिकला वळसा घालून नगर रस्त्याला लागतो न लागतो तोच त्यानं विषय काढला.

"मामा, कॅनन आर५चा मार्क टू आलाय की. तू अजून जुनाच वापरतोस?"

"नव्याचे मेगापिक्सेल किती?"

"पंचेचाळीसच."

"मग भिंत तेवढीच दिसणार."

नवी बॉडी वाईट आहे असं नाही. क्रिकेट काढत असतो तर उद्याच घेतली असती. पण अजिंठ्याची भिंत पळत नाही. माझ्या कॅमेऱ्याची फाइल ८१९२ पिक्सेल रुंद. चार फूट म्हणजे ४८ इंच, भागाकार केला की इंचाला १७०च्या आसपास येतात. पुस्तक माणूस हातात धरतो म्हणून त्याला ३०० लागतात. चार फुटी फोटो बघायला तो आपोआप दोन पावलं मागे सरतो, तिथे १७० चालून जातात. भाच्यानं मोबाइलवर भागाकार करून पाहिला आणि नेवासा फाट्याच्या चहापर्यंत गप्प बसला.

बॅगेत शेवटी काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आर५ आणि तिला जोडीला एक जुनी बॉडी. ३५ मिमी एफ/१.८ आणि ८५ मिमी एफ/२, दोन्ही मॅक्रो, दोन्ही त्या मानाने स्वस्त. २४-७०. ७०-२००. रंगांच्या चौकटींचं कार्ड. कार्बन फायबरचा ट्रायपॉड, पायांना रबरी बूट, कारण टोकदार खिळे दगडावर टेकवायचे नाहीत. आणि भाड्यानं आणलेली २४ मिमी टिल्ट-शिफ्ट, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, ॲडॉप्टरसकट. ही विकत घेणं माझ्या धंद्याला परवडत नाही. वर्षातून दोन-तीन कामांना लागते, तेवढ्यासाठी दिवसाचं भाडं भरलेलं बरं.

दौलताबादचा दरवाजा ओलांडून खुलताबादच्या घाटात पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. डोंगर हिरवेगार होते. मुक्काम वेरूळलाच.

सोमवार, वेरूळ

सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. हे माहीत नसलेली एक तरी गाडी दर आठवड्याला अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरहून हात हलवत परत येते. तेव्हा सोमवारी वेरूळ हे ठरलेलंच, पण गर्दीही त्याच हिशेबाने येते.

सकाळी सहालाच दारावर. खोलीत रात्रभर एसी चालू होता, म्हणून बॅग पहाटेच गॅलरीत उघडी ठेवली होती. भाद्रपदातल्या दमट हवेत थंडगार लेन्स बाहेर काढली की काचेवर धुकं धरतं आणि पुसून पुसून हात दुखतो. अर्धा तास आधी बाहेर ठेवली की प्रश्न मिटतो.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणजे सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे आणि कैलासच्या अंगणात एकसारखी सावली. बहुतेक जण यावर नाराज होतात, ऊन दुपारनंतर येतं म्हणून. मला सकाळचीच वेळ हवी होती. रावण कैलास हलवतोय ते शिल्प खोल कोरलेलं आहे. कडक उन्हात त्याच्या खाचा काळ्या ठिक्कर पडतात आणि वरचे भाग पांढरे. सावलीत रावणाच्या हातांची प्रत्येक जोडी मोजता येते. पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगलीय, तेही दिसतं.

मग टिल्ट-शिफ्ट. कैलासचं अंगण साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागचा कडा १०७ फूट उंच. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगर वरून खाली कोरत आणला, त्यामुळे मंदिर मोठं आणि भोवतीची जागा अरुंद. मागे सरकायला वाव नाही. साध्या वाइड लेन्सनं कॅमेरा वर केला की दोन्ही कीर्तिस्तंभ आत झुकतात आणि अख्खं मंदिर मागे कलंडल्यासारखं दिसतं. शिफ्टमध्ये कॅमेरा वर करायचाच नाही. ट्रायपॉडवर तो ओळंब्यात सरळ लावायचा, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणायचा आणि बाजूची गोल खुंटी फिरवत फक्त लेन्स वर सरकवायची, जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. व्ह्यूफाइंडरमध्ये शिखर वरून हळूहळू खाली उतरत चौकटीत येतं, पण स्तंभ मात्र तसूभरही झुकत नाहीत. भाच्यानं ते तीनदा करून पाहिलं.

"पण मामा, हे लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर होतं."

"होतं. करून बघ."

रात्री त्यानं केलं. स्तंभ सरळ झाले, पण शिखराकडचे पिक्सेल ताणले गेले आणि दोन्ही बाजूंचे हत्ती कापले गेले. मोबाइलवर फरक कळत नाही. चार फुटी छापला की शिखराची नक्षी लोण्यासारखी दिसेल. लेन्सच्या भाड्याचा वाद तिथेच संपला.

दहानंतर शाळांच्या सहली आल्या. अंगणात माणूस नको असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो घेतात, म्हणजे चालणारी माणसं उमटतच नाहीत. हे खरं आहे, फक्त माणसं चालत असली पाहिजेत. आमच्या पुढ्यात हत्तीच्या चौथऱ्यावर एक आजी डबा सोडून बसल्या होत्या आणि धपाटे संपेपर्यंत उठण्याची काही चिन्हं नव्हती. मी तसाच फोटो घेतला. आजी त्यात एकदम ठळक आहेत, बाकी अंगण रिकामं. पुस्तकात तो जाणार नाही, पण सोमवारचा मला सगळ्यात आवडलेला फोटो तोच.

दुपारी दहा क्रमांकाच्या लेण्यात, लोक ज्याला सुतार का झोपडा म्हणतात तिथे. दगडात लाकडी वाशांची नक्कल केलेली कमान, आणि दर्शनी खिडकीतून येणारा उजेड थेट बुद्धाकडे. इथे २४-७० पुरली. चारनंतर ऊन शिखरावर आलं, तेव्हा कैलासच्या कडेनं वर जाणाऱ्या पायवाटेवरून मंदिराचा माथा घेतला. छतावरचे सिंह आणि कमळ खालून कधीच दिसत नाहीत. बत्तीस क्रमांकाच्या जैन लेण्यापर्यंत पोचलो तेव्हा उजेड संपत आला होता. तिथलं काम अर्धवट राहिलं.

मंगळवार, सिल्लोडमार्गे अजिंठा गाव

फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव. रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. कॅमेऱ्याची बॅग भाच्यानं मांडीवर घेतली होती.

लेण्यांना जाणारे बहुतेक लोक अजिंठा गावात थांबत नाहीत, घाट उतरून सरळ फर्दापूर गाठतात. आम्ही थांबलो, कारण या कामातला माझा सगळ्यात जुना सहकारी या गावात राहायचा. रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं आणि तो गावातल्या बारादरीत येऊन राहिला. कॅनव्हासवर तैलरंगात, मोठ्या आकारात, वर्षानुवर्षं त्यानं नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या.

"बॅकअप नव्हता?" भाच्यानं विचारलं.

चेष्टेत विचारलं असलं तरी प्रश्न बरोबर होता. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला येत राहिले, पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. दोन पिढ्यांचं काम दोन आगींत. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, एकच फोटो दोन्हींवर लिहिला जातो, आणि रात्री हार्ड डिस्कवर तिसरी प्रत. एक कार्ड माझ्या खिशात, दुसरं भाच्याच्या. त्या रात्री भाच्यानं कुरकूर न करता कॉपी केली.

गिल नुसता चित्रकार राहिला नाही. चित्रं काढता काढता तो कॅमेऱ्याकडे वळला, आणि त्यानं काढलेले लेण्यांचे स्टिरिओ फोटो, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिले की खोली दिसणारे जोडफोटो, १८६४ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाले. ते दिवस ओल्या काचेचे. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, उन्हाळ्यात त्याहून कमी. वाघुर नदीच्या दरीत, चाळीस अंशांच्या उन्हात. त्याचे फोटो बाहेरच्या दर्शनी भागांचे इतके चांगले आणि आतल्या चित्रांचे जवळजवळ नाहीतच, यात नवल नाही. त्या काचेला अंधारात काही दिसतच नव्हतं. शिवाय ती निळ्या प्रकाशाला हळवी आणि लाल-पिवळ्याला आंधळी, आणि अजिंठ्याची भिंत म्हणजे गेरू आणि पिवळी माती. त्यामुळे आत ब्रश आणि बाहेर कॅमेरा अशी त्याची वाटणी झाली. माझ्या परवानगीतली आत-बाहेर काहीशी तशीच.

गावात पारोची कबर आहे. गिलची इथली जोडीदार, १८५६ मध्ये गेली. दगडावर इंग्रजीत त्यानं तिला प्रिय म्हटलंय. तो स्वतः १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला. तिथे जायचं मनात होतं, पण या खेपेला जमलं नाही.

बुधवार, अजिंठा

नऊला दार उघडतं. टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथून चारेक किलोमीटर बसनं. बसपर्यंत पोचायच्या आत स्फटिकांची खोकी घेऊन विक्रेते गाठतातच. पायऱ्यांच्या तळाशी डोलीवाल्यांनी माझी बॅग बघून माझ्यासाठीच भाव सांगितला.

पहिल्या लेण्याच्या दारात पहारेकऱ्यांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "साहेब, तिपाई बाहेर. चपला पण." दोन्ही व्हरांड्यात ठेवलं. भाचा राखणीला.

आत गेलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मग खांब दिसतात, मग छत, मग समोर गर्भगृहाच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र. चित्रांना झळ लागू नये म्हणून दिवे मुद्दाम मंद ठेवलेत आणि तेच योग्य आहे. पूर्वी गाईड बाहेरून आरशानं किंवा पत्र्यानं ऊन आत वळवायचे. त्या उजेडाची गोष्टच वेगळी म्हणतात. आता मीटरनं सांगितलं: एफ/२.८, सेकंदाचा आठवा भाग, आयएसओ १६००.

आता लेन्सचा प्रश्न. अंधार म्हटला की लोक भरपूर उजेड आत घेणाऱ्या एफ/१.२ लेन्सच्या मागे लागतात. लाखाच्या वर किंमत, किलोभर वजन. पण तेवढी उघडी ठेवलेली लेन्स मधोमध धारदार आणि कोपऱ्यांत मऊ असते. लग्नात नवरीचा चेहरा मध्ये असतो, कोपरे मऊ असले तर उलट छान दिसतं. भिंतीच्या चित्रात कोपरा हासुद्धा चित्रच असतो. पद्मपाणीच्या भोवती माकडं आहेत, मोर आहेत, राजपुत्र आहेत. त्यांना धूसर करायचा मला काय अधिकार? मॅक्रो लेन्स सपाट वस्तू कडेपासून कडेपर्यंत सारखी टिपण्यासाठी बनवलेली असते, म्हणून ३५ आणि ८५. सपाट भिंतीला खोलीही फार लागत नाही, मात्र कॅमेरा भिंतीला समांतर हवा. एक बाजू बोटभर पुढे गेली तरी दुसरी बाजू फोकसमधून निसटते.

हातावर आठवा भाग सेकंद म्हणजे पूर्वी वेडेपणा वाटला असता. आता बॉडीतला सेन्सर स्वतःच थरथर सांभाळतो, त्यात लेन्सचीही मदत. तरी कोपर बरगड्यांना टेकवायचे, पट्टा मानेशी ताणायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि एकाऐवजी सहा फोटो सलग घ्यायचे. पहिला आणि शेवटचा बोटाच्या दाबानं हलतो, मधल्यांतला एक तरी लखलखीत निघतो. शटर मूक ठेवलं होतं. एलईडीच्या दिव्याखाली मूक शटर वेगानं चालवलं तर फोटोवर आडवे पट्टे येतात, पण इतक्या संथ वेगात दिव्याची लुकलुक आपोआप मिसळून जाते.

खरा त्रास चकाकीचा झाला. निजामाच्या काळात, १९२० ते २२ दरम्यान, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांच्यावर लाखेचं वॉर्निश दिलं. हेतू चांगला होता. पण ते पिवळं पडलं आणि जिथे उरलंय तिथे दिवा चमकतो. पोलरायझर लावला तर चकाकी जाते, पण दीड स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेडही जातो आणि तेवढा माझ्याकडे नव्हता. मग अर्धं पाऊल डावीकडे, परत मोजमाप, परत समांतर. पद्मपाणीच्या खांद्यावरचा ठिपका काही केल्या जाईना. शेवटी ८५ लावून दोन पावलं मागे गेलो, कोन बदलला आणि ठिपका भिंतीच्या उडालेल्या भागावर सरकला. तोवर माझ्या मागून गटावर गट येऊन गेले. एका काकांनी कौतुकानं विचारलं, "केवढ्याचा आहे हो कॅमेरा?" हा प्रश्न विचारला जात नाही असं एकही काम मी आजवर केलेलं नाही.

प्रत्येक लेण्यात एकदा रंगांचं कार्ड त्याच उजेडात धरून फोटो घेतला. अजिंठ्याचे रंग बहुतेक आसपासच्या मातीचे आणि दगडांचे, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्दाचा, अफगाणिस्तानच्या बाजूनं आलेला, त्या काळातही महाग. मंद एलईडीत हा निळा कॅमेऱ्याला काळपट दिसतो. कार्डाचा फोटो नसता तर रात्री लॅपटॉपसमोर बसून मी तो आठवणीनं निळा केला असता, आणि आठवणीतला निळा नेहमी जास्तच निळा असतो.

सोळा आणि सतरामध्ये तीच कसरत, अंधार थोडा अधिक. दहा क्रमांकाच्या खांबावर जॉन स्मिथनं, म्हणजे ही लेणी पुन्हा उजेडात आणणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं, कोरलेलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख ७०-२००नं घेतली. ते बरंच उंचावर आहे, कारण तेव्हा लेणं गाळानं भरलेलं होतं आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. पहारेकरी म्हणाले, "ह्यांचं नाव बघून बाकीच्यांनापण खाज सुटते."

सव्वीसमधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे सात मीटर लांब, आणि आहे खांबांच्या मागच्या अरुंद बोळात. मागे सरकायला जागा नाही. ३५नं, बाजूबाजूला पावलं टाकत, एकमेकांवर येणारे फोटो घेतले, नंतर जोडायला. बाहेर आल्यावर एकोणिसाव्याच्या दर्शनी भागासाठी शेवटी तिपाई आणि टिल्ट-शिफ्ट. दिवसभर खांद्यावर वाहिलेलं ते ओझं वीस मिनिटं कामाला आलं. भाचा म्हणाला, "एवढ्यासाठी आणली?" हो, एवढ्यासाठी. पुस्तकात तो जोडपानी जाणार आहे.

गुरुवार, व्ह्यू पॉइंट

पहाटे लेणापूरच्या बाजूनं समोरच्या डोंगरावर. घोड्याच्या नालेसारखी दरी, तळाला वाघुर, आणि सकाळचं पहिलं ऊन पलीकडच्या टोकाच्या लेण्यांवर. इथे ७०-२००च हवी. वाइडनं घेतलं की लेणी उंदरांच्या बिळांसारखी दिसतात. हवेत दमटपणा होता, तासाभरात समोरचा कडा फिकट पडला, आम्ही खाली उतरलो.

परतीच्या वाटेवर सिल्लोडला शेवभाजी खाताना भाच्यानं आपली यादी पुढे सरकवली. रविवारी तीत पहिल्या ओळीत नवी बॉडी होती. आता ती खोडून जुनी वापरलेली बॉडी, ८५ मॅक्रो आणि बरा ट्रायपॉड लिहिलं होतं. एफ/१.२ मात्र शेवटच्या ओळीत तशीच. लग्नाची कामं करणार असशील तर ठेव म्हटलं, पण आधी वर्षभर भाड्यानं घे. भाड्याच्या पावत्या बघितल्या की कुठली लेन्स विकत घ्यायची ते कळतं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

टिल्ट-शिफ्ट शुक्रवारी सकाळी दहाच्या आत दुकानात परत करायची होती, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं. नगरला चहासाठीसुद्धा थांबलो नाही.